कॉमानंतर काहीच नाही

एक्सेलच्या कोऱ्या शीटमध्ये ए१ या सेलमध्ये ३ लिहा. शेजारी =इफ(ए१>५,"हो") असा फॉर्म्युला टाका. तीन काही पाचापेक्षा मोठे नाहीत, आणि मोठे नसतील तर काय करायचं ते आपण सांगितलेलंच नाही. एक्सेल उत्तर देतं: फॉल्स. आता त्याच फॉर्म्युल्यात "हो"च्या पुढे नुसता एक कॉमा द्या आणि कंस बंद करा: =इफ(ए१>५,"हो",). उत्तर बदलतं. फॉल्स जाऊन तिथे ० येतं. हाच कॉमावाला फॉर्म्युला गूगल शीट्समध्ये टाकलात तर फॉल्स नाही आणि शून्यही नाही. सेल कोराच दिसतो.

दोन्ही वेळा आपण तिसऱ्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी यंत्राने दोन वेगळे अर्थ काढले, आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने तिसराच काढला. रोज शेकडो फॉर्म्युले लिहिणाऱ्यांच्याही हे सहसा लक्षात येत नाही, कारण फॉर्म्युला चालतो आहे म्हटल्यावर कोण त्याच्या रिकाम्या जागा तपासत बसतो! पण स्वतःचं फंक्शन लिहायला बसलात की या रिकाम्या जागाच आधी समोर उभ्या राहतात.

फंक्शनला आपण कंसात जी माहिती देतो ती त्याची आर्ग्युमेंट्स. काही सक्तीची असतात, काही ऐच्छिक. एक्सेलमध्ये फंक्शनचं नाव टाकून कंस उघडला की खाली एक पिवळट-पांढरी पट्टी येते. तिच्यात चौकोनी कंसात दिसतात ती ऐच्छिक. दिली नाहीत तरी चालतं. फंक्शन आपल्या मनाने एक किंमत धरून पुढे जातं. त्या किमतीला डिफॉल्ट म्हणतात. ऐकायला ही सोय वाटते, आणि आहेही. पण डिफॉल्ट म्हणजे तुम्ही गप्प बसलात तेव्हा दुसऱ्या कुणीतरी, बहुधा काही दशकांपूर्वी, तुमच्या वतीने घेतलेला निर्णय असतो.

याचं सर्वांत बदनाम उदाहरण व्हीलुकअपचं, म्हणजे तक्त्यात नोंद शोधून तिच्या ओळीतली माहिती आणून देणाऱ्या फंक्शनचं. त्याची चौथी जागा ऐच्छिक आहे: हुबेहूब जुळणारी नोंद शोधायची की जवळची चालेल? काहीच दिलं नाही तर व्हीलुकअप "जवळची चालेल" असं धरतं. म्हणजे सभासदांच्या यादीत कुलकर्णी शोधायला गेलात, यादी अकारविल्हे नसली आणि चौथी जागा वगळलीत, तर भलत्याच माणसाची थकबाकी समोर येऊ शकते, तीही कसलीही एरर न दाखवता. गंमत म्हणजे इथेही कॉमाचा तोच खेळ आहे. चौथी जागा अजिबात वगळली तर "जवळची चालेल". पण तिसऱ्या आर्ग्युमेंटनंतर कॉमा देऊन पुढे काही न लिहिता कंस बंद केला तर एक्सेल त्या पोकळीला शून्य समजतं, शून्याला फॉल्स समजतं, आणि नेमका उलटा, हुबेहूब शोध घेतं. एका कॉमाने अर्थ पार पलटतो.

असलं डिफॉल्ट कुणी ठेवलं असेल असं वाटतं खरं. पण त्यामागे तर्क होता. स्प्रेडशीटचा आद्यपुरुष व्हिसिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तो १९७९ मध्ये बाजारात आणला. त्यातलं लुकअपही क्रमाने लावलेल्या तक्त्यातच शोधायचं आणि दिलेल्या संख्येपेक्षा मोठी नसलेली सर्वांत मोठी नोंद उचलायचं. कराच्या टप्प्यांना हेच हवं असतं. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत चार लाख, आठ लाख, बारा लाख असे टप्पे आहेत. साडेनऊ लाखांचं उत्पन्न तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही, तरी ते आठ लाखांच्या ओळीत पडलं पाहिजे आणि १० टक्क्यांचा दर दिसला पाहिजे. शिवाय क्रमाने लावलेल्या यादीत शोध विलक्षण वेगाने होतो. मधली ओळ पाहायची, अर्धी यादी टाकून द्यायची, उरलेल्या अर्ध्याची पुन्हा मधली ओळ पाहायची. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. त्या सगळ्या भरलेल्या असल्या तरी अशा शोधाला वीसएक तुलना पुरतात. एकेक ओळ पाहत जाणाऱ्या हुबेहूब शोधाला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागलं तर दहा लाखांवर तुलना. त्या काळच्या संथ यंत्रांवर ओळी कमी असल्या तरी असा फरक जाणवायचा.

आता आपलं फंक्शन लिहू. सोसायटीच्या खजिनदाराला थकबाकीवरचं व्याज काढायचं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये या व्याजाची कमाल मर्यादा वर्षानुवर्षे २१ टक्के सरळव्याजाची होती; प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभा ठरवते. तर थकव्याज नावाचं फंक्शन करू. त्याला रक्कम द्यायची, महिने द्यायचे, आणि दर हवा तर द्यायचा. दर दिला नाही तर २१ टक्के. बारा हजारांची थकबाकी, सहा महिने: =थकव्याज(१२०००,६) म्हटलं की १,२६० रुपये यायला हवेत. सभेने एखाद्या सभासदाला व्याज माफ केलं असेल तर =थकव्याज(१२०००,६,०), आणि उत्तर शून्य.

एवढं साधं काम. यात चुकायला जागा कुठे आहे?

एक्सेलमध्ये स्वतःची फंक्शनं लिहायची भाषा म्हणजे व्हीबीए, १९९३ पासूनची. तिच्यात आर्ग्युमेंटच्या आधी ऑप्शनल हा शब्द लिहिला की ते ऐच्छिक होतं. अट एकच: एकदा ऐच्छिक सुरू झालं की नंतरची सगळी ऐच्छिकच हवीत. हे ओघानेच येतं, कारण सेलमधल्या फॉर्म्युल्यात आर्ग्युमेंट ओळखली जातात ती केवळ कितव्या जागी आहेत यावरून. दर दिला आहे की नाही हे तपासायला व्हीबीएमध्ये इझमिसिंग नावाचं फंक्शन आहे. नवखा माणूस शिस्तीत लिहायचं म्हणून दराचा प्रकार डबल, म्हणजे दशांश संख्या, असा जाहीर करतो. मग इझमिसिंगने विचारतो, दर नसेल तर २१ टक्के धरतो, आणि निवांत होतो. आणि थकव्याज प्रत्येक थकबाकीदाराला शून्य व्याज लावत सुटतं. इझमिसिंग दर वेळी सांगतं की काहीही राहिलेलं नाही, सगळं आलेलं आहे.

ते खोटं का बोलतं याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. डबल म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली आठ बाइटांची जागा. तिच्यात संख्या मावते, फक्त संख्या. "मला कुणी भरलंच नाही" असं सांगायला तिच्याकडे वेगळी खूण नाही. मग न दिलेल्या दराच्या जागी व्हीबीए शून्य ठेवतं, आणि ते शून्य आणि कुणी मुद्दाम टाइप केलेलं शून्य यांच्यात तसूभर फरक उरत नाही. इझमिसिंग तरी कशावरून ओळखणार?

त्याला चालतो तो व्हेरियंट हा प्रकार. व्हेरियंटमध्ये किमतीच्या बरोबरीने आत काय प्रकारचा माल आहे याची चिठ्ठीही असते: संख्या, मजकूर, तारीख, किंवा एरर. दर वगळलात तर व्हीबीए व्हेरियंट मोकळा पाठवत नाही. त्यावर "एरर" अशी चिठ्ठी लावतं आणि आत "आर्ग्युमेंट सापडलं नाही" या अर्थाचा ठरावीक संकेतांक ठेवतं. इझमिसिंग नेमका तोच संकेतांक शोधतं. विश्वास बसत नसेल तर वगळलेल्या व्हेरियंटचं मजकुरात रूपांतर करून छापून पाहा. "एरर ४४८" अशी अक्षरं उमटतात. तुम्ही काहीच दिलं नव्हतं, आणि त्या काहीच-नाहीला एक क्रमांक आहे! दिलं नाही एवढा निरोप पोचवायलाही काहीतरी पाठवावंच लागतं.

(व्हीबीएमध्ये सोपा मार्गही आहे: जाहीर करतानाच दर = ०.२१ असं लिहून टाकायचं. मग डबल चालतो आणि इझमिसिंगची गरज राहत नाही. मात्र दर खरोखर आला की आपण धरला, हे मग फंक्शनला कधीच कळत नाही.)

गूगल शीट्समध्ये हेच फंक्शन ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं. तिथे न दिलेलं आर्ग्युमेंट "अनडिफाइंड" म्हणून येतं. जुन्याजाणत्यांची एक लाडकी युक्ती आहे: दर, मग दोन उभ्या रेघा, मग ०.२१. अर्थ असा की दर असेल तर तो घे, नाहीतर ०.२१ घे. सुटसुटीत आणि वाचायला गोड. पण जावास्क्रिप्टच्या लेखी "असेल तर" या परीक्षेत शून्य नापास होतं. सभेने व्याज माफ केलेल्या सभासदासाठी खजिनदार मुद्दाम ० टाकतो, आणि फंक्शन त्याला २१ टक्के लावून १,२६० रुपयांचं बिल काढतं. व्हीबीएवाल्या नवख्याने "दिलं नाही" याचं शून्य केलं होतं. इथे शून्याचं "दिलं नाही" झालं. टपरीवर नुसतं "एक चहा" म्हणणाऱ्याला नेहमीच्या साखरेचा चहा मिळतो आणि "साखर नको" म्हणणाऱ्याला बिनसाखरेचा. दोघांत गल्लत करणारा टपरीवाला आठवडाभर टिकणार नाही. सॉफ्टवेअर मात्र अशी गल्लत करत वर्षानुवर्षे टिकतं.

नव्या जावास्क्रिप्टमध्ये आर्ग्युमेंटच्या शेजारीच दर = ०.२१ लिहिता येतं. ते फक्त अनडिफाइंडला लागू होतं, शून्याला हात लावत नाही. प्रश्न सुटला असं वाटतं, तोवर तिसरा गृहस्थ दारात येतो: रिकामा सेल.

खजिनदार काही प्रत्येक ओळीत फॉर्म्युला हाताने लिहीत नाही. तो =थकव्याज(बी२,सी२,डी२) असं एकदा लिहितो आणि खाली ओढतो. डी रकान्यात ज्यांचा दर वेगळा त्यांच्यापुढेच आकडा भरतो. बाकीचे सेल मोकळे, म्हणजे "नेहमीचाच दर". माणसाला हे सांगावं लागत नाही. पण फंक्शनच्या बाजूने पाहिलं तर तिसरी जागा आता वगळलेली नाही. तिथे एक सेल आलेला आहे, आणि तो कोरा आहे. गूगल शीट्स तो कोरा मजकूर म्हणून पाठवतं. अनडिफाइंड नाही म्हणून डिफॉल्ट लागत नाही, आणि कोऱ्या मजकुराने गुणलं की जावास्क्रिप्ट तो शून्य धरतं. व्याज शून्य. व्हीबीएमध्ये डबल असेल तर कोऱ्या सेलचं शून्य होतं. व्हेरियंट असेल तर इझमिसिंग सांगतं की आर्ग्युमेंट आलेलं आहे. आणि ती दोन उभ्या रेघांची बदनाम युक्ती? ती कोऱ्या सेलला नापास करते आणि नेमका २१ टक्के लावते. जी युक्ती शून्यावर आपटली तीच इथे तरते, आणि जी शून्यावर तरली ती इथे बुडते.

म्हणून नीट लिहिलेलं फंक्शन आधी विचारतं की जागा भरली आहे का, मग विचारतं की भरलेल्या जागेत काही आहे का, आणि मगच आकड्याकडे बघतं. कोऱ्या सेलचा अर्थ काय धरायचा हे मात्र कुठलीही भाषा सांगू शकत नाही. तो नेहमीचा दर असेल, माफी असेल, किंवा खजिनदार भरायला विसरला असेल.

लॅम्डाने ही खबरदारी थेट सेलपर्यंत आणली. डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये लॅम्डा आणत असल्याचं जाहीर केलं. व्हीबीएला हात न लावता, फॉर्म्युल्याच्याच भाषेत स्वतःचं फंक्शन करता येऊ लागलं. तेव्हा केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असलेल्या सायमन पेटन जोन्स यांचा त्यामागे मोठा हात. ॲलन ब्लॅकवेल आणि मार्गारेट बर्नेट यांच्यासह त्यांनी २००३ मध्येच एक निबंध लिहून एक्सेल वापरणाऱ्याला स्वतःची फंक्शनं कशी करता यावीत ते मांडलं होतं. नाव अलोंझो चर्चच्या १९३० च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसवरून घेतलेलं. चर्चच्या गणितात फंक्शनला कमी आर्ग्युमेंट दिली तर काही बिघडत नाही, उरलेल्यांची वाट पाहणारं एक नवं फंक्शन हाती येतं. एक्सेलच्या लॅम्डाला एवढा धीर नाही. सक्तीचं आर्ग्युमेंट राहिलं की ते सरळ एरर देतं. पण २०२१ मध्ये त्यात ऐच्छिक जागांची सोय आली. लॅम्डा लिहिताना दर चौकोनी कंसात टाकायचा आणि आत इझऑमिटेड या फंक्शनने विचारायचं की तो वगळला आहे का. एक्सेलच्या पट्टीवर इतकी वर्षं नुसते दिसणारे चौकोनी कंस आता वापरणाऱ्याला स्वतःच्या फंक्शनमध्ये लिहिता येऊ लागले. आणि इथे कॉमा देऊन मोकळी सोडलेली जागाही वगळलेलीच मानली जाते, इफ किंवा व्हीलुकअपसारखं तिचं शून्य होत नाही. कोरा सेल मात्र लॅम्डालाही वगळलेला वाटत नाही; त्यासाठी इझब्लँक वेगळं विचारावं लागतं.

डिफॉल्टमध्ये काय दडलेलं असतं ते पाहायला हप्त्याचं गणित करून बघा. पीएमटी फंक्शनला व्याजदर, हप्ते आणि कर्जाची रक्कम दिली की झालं. दहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, २४० महिने: हप्ता ८,९९७ रुपये. शेवटची दोन आर्ग्युमेंट ऐच्छिक आहेत आणि पाचवं विचारतं की हप्ता महिनाअखेरीस भरणार की महिन्याच्या सुरुवातीला. गप्प बसलात तर महिनाअखेर. सुरुवातीला म्हणून १ दिलात, चौथी जागा मोकळी ठेवून दोन कॉमा लागोपाठ टाकलेत, तर हप्ता ८,९३० होतो. महिन्याला ६७ रुपये, वीस वर्षांत सोळा हजारांच्या वर.

कामाचे दिवस मोजणारं नेटवर्कडेज तर आपलं जगच गृहीत धरतं: सुट्टी शनिवार-रविवार. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा शनिवार-रविवार २०२१ संपेपर्यंत शुक्रवार-शनिवार होता. नेटवर्कडेज डॉट इंटल या फंक्शनला त्यासाठी एक ऐच्छिक जागा आहे: गुरुवारसाठी १५, शुक्रवार-शनिवारसाठी ७. जागा मोकळी सोडलीत की मात्र भोसरीतल्या कारखान्याचाही आठवडा अमेरिकन कचेरीचा होऊन जातो.

माझं मत विचाराल तर पैशाच्या फंक्शनमध्ये दर ऐच्छिक ठेवूच नये. रुपयात पूर्णांक करायचा की पैसे दाखवायचे, हे ऐच्छिक असू द्या. चुकलं तरी फार बिघडत नाही. पण फंक्शनच्या पोटात लपलेले २१ टक्के शीटमध्ये कुठेच दिसत नाहीत. हिशेब तपासनिसाला १,२६० दिसतात, ते कुठून आले ते दिसत नाही. शिवाय उद्या सभेने दर १८ टक्के केला आणि खजिनदाराने फंक्शनमधला डिफॉल्ट बदलला, तर पुढच्या हिशेबाच्या वेळी त्याच फाइलमधल्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदीही नव्या दराने बदलून बसतील. मंजूर झालेला ताळेबंद कुणी न शिवता बदलेल.

मायक्रोसॉफ्टपुढेही हीच अडचण होती, फक्त कोट्यवधी फाइलींच्या आकाराची. व्हीलुकअपचं डिफॉल्ट लोकांना गोत्यात आणतं हे सर्वांना माहीत होतं, पण ते बदलणं म्हणजे जगभरच्या जुन्या शीटांची उत्तरं बदलणं. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी एक्सलुकअप नावाचं निराळंच फंक्शन जाहीर केलं, ज्याचं डिफॉल्ट हुबेहूब शोधाचं आहे. त्याला सहा जागा, त्यांतल्या तीन ऐच्छिक. यादीतली शेवटची नोंद आधी सापडायला हवी असेल तर सहाव्या जागी -१ लिहायचं आणि मधल्या दोन जागा ओलांडायला तीन कॉमा लागोपाठ टाकायचे.

खजिनदाराला मात्र नवं फंक्शन लागत नाही. त्याने एका कोपऱ्यात छोटा तक्ता करावा: डावीकडे दर लागू झाल्याची तारीख, उजवीकडे दर, जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने. बिलाच्या तारखेपेक्षा पुढची नसलेली सर्वांत अलीकडची तारीख शोधायची आणि तिच्यासमोरचा दर थकव्याजला द्यायचा. व्हीलुकअपचं जुनं बदनाम डिफॉल्ट हुबेहूब हेच काम करतं, आणि तिथे चौथी जागा बिनधास्त वगळता येते.